बटणाएवढा सेल

तेजल झोपल्यावर मी मशीन चालू केलं
आणि डिलीट दाबत राहिलो, निळा पडदा येईपर्यंत.
कारखान्यात कुणीतरी म्हणालं होतं,
आत एक जागा असते, तिथं जरा फिरवलं
की जुना कॉम्प्युटर पळायला लागतो.
आता मशीन म्हटलं की माझा हात राहत नाही.
उद्यमनगरात अठ्ठावीस वर्षं लेथवर,
एका थाऊचा फरक बोटाला कळतो.
इथं बोटाला काही कळेना.
ओळीखाली ओळ, सगळी इंग्रजी.
एका ओळीतलं होतं ते घालवून दुसरं केलं.
खाली विचारलं, नक्की का?
मी नक्की म्हणालो.
लग्नालासुद्धा इतक्या पटकन हो म्हटलं नव्हतं.

मग पंखा फिरतोय, दिवा लागतोय, पडदा काळा.
एक लांब शिट्टी, दोन आखूड.
बंद करून चालू. एक लांब, दोन आखूड.
शुक्रवार पेठ झोपलेली,
आणि मी टॉवेल घेऊन त्याचं तोंड दाबतोय.

सकाळी तेजलनं तीनदा बटण दाबून बघितलं.
आत राधानगरीची गवतं होती तिची,
एकशे बारा जातींचे फोटो, खाली नावं,
सोमवारी विद्यापीठात द्यायची.
"पप्पा, हात लावला होता का याला?"
मी चहा गाळत होतो.
गाळतच राहिलो.

कॉम्प्युटरवाला गावाकडं जत्रेला गेलेला.
फोनवर मागं हलगी, त्यात त्याचा आवाज:
बोर्डावर गोल सेल असतो बघा, बटणाएवढा,
वायर उपसून तो काढा, दहा मिनिटं तसंच ठेवा,
सगळं विसरतंय ते.
पेटी उघडली. सेल दिसला.
आणि माझा हात थरथरायला लागला,
लोखंडाला कधी न घाबरलेला.

म्हणून पापाच्या तिकटीवरनं दस्तगीरभाई आले,
घड्याळवाले मुल्लाणी, डोळ्याला भिंग, खिशात चिमटा.
"ह्यातलं मला काय कळत नाही," म्हणाले,
"पण सेल म्हणाल तर रोज पन्नास काढतो."
टक् असा आवाज झाला.
नखावर ठेवून त्यांनी तो उजेडात धरला.
"आता ह्याला गप पडू दे," म्हणाले.
दहा मिनिटं आम्ही तिघं
उघड्या पेटीभोवती बसून राहिलो,
तापानं फणफणलेल्याभोवती बसावं तसं.

पडदा उजळला.
एक जानेवारी दोन हजार अकरा.
आमच्या घरात यायच्याही आधीची तारीख.
तेजल तेव्हा तिसरीत. माझे केस काळे.

विसरून भागलं मात्र नाही.
खिडक्या येता येता पुन्हा पडदा पडला,
पुन्हा फोन, पुन्हा हलगी,
एक ओळ होती तशी परत करावी लागली.
ती तेजलनं केली. मी हात मागं बांधून उभा.

गवतं दिसली. सगळी, नावांसकट.
पण मेल काही जाईना.
"तारीख चुकीची आहे," ती म्हणाली,
"आपण कोण, हे बाहेरच्यांना पटत नाही."
आणि खुर्ची मला दिली.
एकेक दाब, एकेक वर्ष.
बारा. तेरा. भराभरा सरत होती,
काय काय झालं त्यात, दिसलंसुद्धा नाही.
एकोणीसवर बोट थांबलं.
पंचगंगा गंगावेशीतनं वर आलेली,
हीच पेटी गोधडीत गुंडाळून
छातीएवढ्या पाण्यातनं मी डोक्यावर नेलेली,
आणि मागं तेजल, भिंतीला धरत धरत,
तिची आई तिच्यामागं.
मग पुढचं दाबलं.

वेळ दस्तगीरभाईंच्या मनगटावरनं लावली.
ते म्हणाले, दोन मिनिटं वजा करा,
माझंच घड्याळ पुढं आहे.
पैसे घेतले नाहीत. चहा घेतला.

ते गेल्यावर मी म्हणालो, तेजल,
रात्री हात मीच लावला होता.
ती गवतांतच होती, मान वर केली नाही.
"माहीत आहे," म्हणाली,
"डिलीटवर ग्रीसचं बोट उमटलंय."